गाणं कुणीही रचो, नावं चौघांची: कॉलेज सोडलेल्या चार मित्रांनी ‘आर.ई.एम.’ हा बँड कसा उभा केला?

१९९१ साली एमटीव्हीवर एक व्हिडिओ सतत लागायचा. बंद खोली, बाहेर पाऊस, खाली पडून फुटणारा दुधाचा जग आणि मँडोलिनची एक सुरावट. गाण्याचं नाव ‘लूझिंग माय रिलिजन’. नाव आठवत नसलं तरी ती सुरावट तुम्ही कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये, कॅफेत किंवा मोठ्या भावाच्या प्लेलिस्टमध्ये ऐकलेली असणार. हा व्हिडिओ जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग या दिग्दर्शकाने केला होता. त्या वर्षी एमटीव्हीच्या व्हिडिओ पुरस्कारांमध्ये त्याला ‘व्हिडिओ ऑफ द इयर’सह सहा पुरस्कार मिळाले.

गाणं अमेरिकेतल्या ‘आर.ई.एम.’ या बँडचं. मँडोलिनची सुरावट गिटारिस्ट पीटर बकला सुचली होती. मँडोलिन नवीनच घेतलेलं, घरी टीव्ही बघत बघत तो ते शिकत होता. शब्द आणि चाल गायक मायकल स्टाइपची. मग गीतकार-संगीतकार म्हणून या दोघांचीच नावं असायला हवीत ना?

तसं नाही. गाण्याखाली चार नावं आहेत. बेरी, बक, मिल्स, स्टाइप. आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने. म्हणजे ड्रमरचं नाव सगळ्यात आधी आणि गायकाचं सगळ्यात शेवटी! फक्त याच नाही, तर चौघांनी मिळून केलेल्या प्रत्येक गाण्याखाली हीच चार नावं याच क्रमाने आहेत, आणि पैशांचे वाटेही चार, सारखे.

ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट रॉक संगीताच्या जगात फार दुर्मीळ आहे. गाजलेले कितीतरी बँड नेमके याच मुद्द्यावरून फुटले, मित्र मित्राविरुद्ध कोर्टात गेले. आर.ई.एम. ३१ वर्षं टिकला आणि बंद झाला तोही भांडण न करता. हे कसं जमलं, हे समजून घ्यायचं तर ‘लूझिंग माय रिलिजन’च्याही ११ वर्षं मागे जावं लागतं.

अथेन्स, पण ग्रीसमधलं नाही

अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं एक छोटं शहर आहे. अटलांटापासून रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटर. या शहराची ओळख म्हणजे १७८५ साली स्थापन झालेलं जॉर्जिया विद्यापीठ. आपल्याकडे पुण्यात पेठांपासून कोथरूडपर्यंत जशी बाहेरगावची पोरं खोल्या करून राहतात, तसं ते अख्खं गावच पोरांचं. भाडी कमी, वेळ भरपूर आणि दर शनिवारी कुणाच्या तरी घरी पार्टी.

१९७० च्या दशकाच्या शेवटी या पार्ट्यांमधून बँड बाहेर पडायला लागले. ‘द बी-फिफ्टीटूज’ नावाचा बँड १९७६ मध्ये इथेच जमला आणि १९७९ मध्ये त्यांचा पहिला अल्बमही आला. त्यामुळे गावातल्या पोरांना एक गोष्ट कळली होती की, न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसमध्ये जन्म न घेताही बँड काढता येतो.

याच गावात ‘वक्सट्री’ नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. तिथे पीटर बक काम करायचा. वय २३ च्या आसपास, कॉलेज आधीच सुटलेलं. दुकानात येणाऱ्या चांगल्या रेकॉर्ड तो स्वतःसाठी बाजूला काढून ठेवायचा. पण एक मुलगा यायचा आणि बरोबर त्याच रेकॉर्ड मागायचा. तो मुलगा म्हणजे मायकल स्टाइप. वडील सैन्यात, त्यामुळे लहानपण जर्मनी, टेक्सस, इलिनॉय असं फिरण्यात गेलेलं. विद्यापीठात तो चित्रकला आणि फोटोग्राफी शिकत होता. बोलायला लाजाळू. पण १५ वर्षांचा असताना पॅटी स्मिथचा ‘हॉर्सेस’ हा अल्बम ऐकून त्याच्या डोक्यात गायचं पक्कं झालं होतं. बकलाही पॅटी स्मिथ आवडायची. दोघांचं जमलं.

दुसरी जोडी होती बिल बेरी आणि माइक मिल्स यांची. हे दोघं जॉर्जियातल्याच मेकन गावच्या शाळेतले. शाळेत असताना त्यांचं अजिबात पटायचं नाही. मिल्स अभ्यासू, नीटनेटका. बेरी त्याच्या बरोबर उलट. झालं असं की, एका मित्राने वाजवायला बोलावलं म्हणून बेरी आपला ड्रमसेट घेऊन गेला. सगळा सेट मांडून झाला आणि दारातून बेस गिटार घेऊन मिल्स आत आला. बेरीच्या मनात निघून जायचं होतं, पण मांडलेला ड्रमसेट पुन्हा काढून गाडीत भरायचा कंटाळा! मग वाजवलं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांचे जिवलग झाले ते कायमचे. रॉकच्या इतिहासात ड्रमसेट उचलायच्या कंटाळ्याचं योगदान याहून मोठं क्वचितच असेल.

१९७९ मध्ये दोघांनी अथेन्सच्या विद्यापीठात नाव घातलं. मधल्या काळात बेरीने मेकनमध्ये कार्यक्रमांचं बुकिंग करणाऱ्या एका एजन्सीत काम केलं होतं. तिथे त्याची इयान कोपलंडशी ओळख झाली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पडक्या चर्चमधला वाढदिवस

अथेन्सच्या ओकोनी स्ट्रीटवर सेंट मेरीज नावाचं एक जुनं चर्च होतं. तिथे प्रार्थना कधीच बंद झालेली आणि आतमध्ये राहण्यासाठी खोल्या काढून भाड्याने दिलेल्या. बक आणि स्टाइप तिथे राहायचे. दोन्ही जोड्यांना ओळखणारी एक मैत्रीणही तिथेच राहायची. तिने चौघांची गाठ घालून दिली. मागच्या बाजूला प्रार्थनेचा जुना हॉल रिकामा होता, तिथे त्यांचा सराव सुरू झाला.

५ एप्रिल १९८० रोजी त्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. पार्टीत वाजवाल का, असं तिने विचारलं. हा त्यांचा पहिला कार्यक्रम. काही दुसऱ्यांची गाणी, काही स्वतःची. बँडला धड नावही नव्हतं. नंतर स्टाइपने डिक्शनरी उघडली आणि डोळ्यांना दिसलेला एक शब्द उचलला, आर.ई.एम. झोपेत आपण स्वप्नं बघत असताना बुबुळं वेगाने हलतात, त्या अवस्थेचं हे इंग्रजी लघुरूप. पण नावाला तसा काही खोल अर्थ नव्हता. तीन अक्षरं, भिंतीवर लिहायला सोपी, एवढंच.

पुढच्या काही महिन्यांत त्यांना मागणी इतकी वाढली की कॉलेज करायला वेळच उरेना. शिकत असलेल्या तिघांनीही शिक्षण अर्धवट सोडलं. हे वाचून कुणी राजीनाम्याचं किंवा कॉलेज सोडल्याचं पत्र लिहायला घेऊ नये. कारण त्यानंतरची दोन-अडीच वर्षं या चौघांनी काय खाल्लं, तेही बघायला हवं.

दिवसाला २ डॉलर

एका जुन्या व्हॅनमध्ये वाद्यं भरायची आणि दक्षिणेतल्या गावागावांत जायचं. गाडी चालवायला मॅनेजर जेफरसन होल्ट. जिथे बोलावतील तिथे वाजवायचं, मग तो बार असो की पिझ्झाचं दुकान. जेवणासाठी प्रत्येकाला दिवसाला २ डॉलर. यात मॅनेजर, गायक, ड्रमर असा भेद नाही.

पण या भटकंतीने दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे रोज वाजवून वाजवून हात बसला. दुसरी म्हणजे प्रत्येक गावात ५०-१०० माणसं अशी तयार झाली, जी पुढच्या वेळी मित्रांना घेऊन यायची. आज याला आपण ‘ऑरगॅनिक रीच’ म्हणतो. तेव्हा याला पेट्रोलचा खर्च म्हणायचे.

एप्रिल १९८१ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम इथे मिच ईस्टर या संगीतकाराकडे रेकॉर्डिंगला गेले. ईस्टरचा ‘ड्राइव्ह-इन स्टुडिओ’ म्हणजे त्याच्या आईवडिलांच्या घराचं गॅरेज. तिथे ‘रेडिओ फ्री युरोप’ हे गाणं झालं आणि जुलैमध्ये हिब-टोन नावाच्या छोट्याशा लेबलने त्याच्या १ हजार प्रती काढल्या. त्यातल्या ६०० प्रती विकायला नव्हत्याच. त्या वर्तमानपत्रं आणि रेडिओ स्टेशनांना फुकट पाठवायच्या होत्या. गंमत म्हणजे या पहिल्या खेपेच्या रेकॉर्डवर लेबलचा पत्ता छापायचाच राहून गेला. कुणाला आणखी प्रती मागवायच्या असतील तर मागवणार कुठून?

तरीही गाणं संपलं. आणखी ६ हजार प्रती काढाव्या लागल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या वर्षातल्या दहा उत्तम सिंगल्समध्ये हे गाणं घेतलं. गॅरेजमधलं गाणं!

‘इंडी’ म्हणजे नक्की काय?

इथे थोडं थांबून हा शब्द समजून घेऊ. आज ‘इंडी’ म्हटलं की एका विशिष्ट प्रकारचं संगीत डोळ्यांसमोर येतं. हळुवार गिटार, थोडासा उदास आवाज. पण मुळात हा शब्द संगीताच्या प्रकाराचा नाही, तर व्यवहाराचा आहे. रेकॉर्ड कोण काढतं आणि ती दुकानापर्यंत कोण पोचवतं? मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून हे करणारे ते इंडिपेंडंट, म्हणजे इंडी.

मोठी कंपनी नसेल तर गाणं लोकांच्या कानावर जाणार कसं? उत्तर होतं कॉलेज रेडिओ. अमेरिकेत एफएमच्या ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या जागा जाहिरातींवर न चालणाऱ्या, शैक्षणिक स्टेशनांसाठी राखीव असतात. तिथे विद्यार्थीच निवेदक. काय वाजवायचं हे तेच ठरवणार. व्यावसायिक रेडिओवर जे कधीच लागलं नसतं ते इथे मध्यरात्री सलग दोनदा लागायचं. आर.ई.एम. हा या कॉलेज रेडिओने मोठा केलेला बँड. ते जिथे वाजवायला जायचे ती गावंही बहुतेक कॉलेजचीच, त्यामुळे रेडिओवर ऐकलेला बँड त्याच आठवड्यात गावात बघायला मिळायचा.

आता तो कोपलंड आठवतोय? इयानचा एक भाऊ स्टुअर्ट म्हणजे ‘द पोलीस’ या तुफान गाजलेल्या बँडचा ड्रमर. दुसरा भाऊ माइल्स हा आय.आर.एस. रेकॉर्ड्स या लेबलचा मालक. १९८२ मध्ये आर.सी.ए. या बलाढ्य कंपनीचा रस डावलून चौघांनी आय.आर.एस.शी करार केला. (अगदी काटेकोर बोलायचं तर आय.आर.एस. पूर्ण स्वतंत्र नव्हतं, त्यांच्या रेकॉर्डचं वितरण ए अँड एम ही मोठी कंपनी करायची. शंभर नंबरी इंडी शोधणाऱ्यांना हे तेव्हाही खटकायचं.)

“एकाचा नकार म्हणजे नकार”

पहिल्या पूर्ण अल्बमच्या वेळी लेबलने त्यांना स्टीफन हेग हा निर्माता दिला. हेगचं काम घोटीव. एकेक गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घ्यायचा आणि त्याने बँडला न विचारता रेकॉर्डिंगमध्ये सिंथेसायझर घातला. बेरी तर वाजवून वाजवून वैतागला. चौघंही नाराज.

नवखा बँड अशा वेळी काय करतो? गप्प बसतो. यांनी लेबलला सांगितलं की आम्हाला आमच्या गॅरेजवाल्या मिच ईस्टरकडे एक गाणं करून बघू द्या. ईस्टर आणि त्याचा जोडीदार डॉन डिक्सन यांनी शार्लट शहरातल्या स्टुडिओत एक गाणं करून दाखवलं. लेबल तयार झालं आणि एप्रिल १९८३ मध्ये ‘मर्मर’ हा अल्बम आला.

शब्द नीट ऐकू येत नाहीत, गायक तोंडातल्या तोंडात बोलतोय, मुखपृष्ठावर बँडचा फोटो नाही तर दक्षिणेत सगळीकडे माजणाऱ्या कुडझू वेलीचं रान. म्हणजे विक्रीच्या दृष्टीने सगळ्या चुका एकाच ठिकाणी. पण ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी १९८३ चा सर्वोत्तम अल्बम म्हणून निवडला तो ‘मर्मर’च. त्या वर्षी समोर कोण होतं? मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’, द पोलीसचा ‘सिंक्रोनिसिटी’ आणि यूटूचा ‘वॉर’.

मात्र कौतुक आणि खप वेगळे. वर्षअखेरपर्यंत ‘मर्मर’च्या साधारण २ लाख प्रती गेल्या, ‘थ्रिलर’ तेव्हा कोटींत होता. ऑक्टोबर १९८३ मध्ये डेव्हिड लेटरमनच्या शोमध्ये ते पहिल्यांदा राष्ट्रीय टीव्हीवर आले. लेटरमन गप्पा मारायला आला तेव्हा स्टाइप मागे ड्रमच्या चौथऱ्यावर जाऊन बसला आणि बोलले बक आणि मिल्स. त्यांनी वाजवलेल्या दुसऱ्या गाण्याला तेव्हा नावही ठरलेलं नव्हतं.

या सगळ्या काळात त्यांनी दोन नियम पाळले. पहिला, बँडचा कुठलाही निर्णय चौघांच्या होकाराने. तीन विरुद्ध एक असं मतदान नाही. एक जण नाही म्हणाला की विषय संपला. दुसरा नियम वर आलाच आहे, गाण्याखाली चार नावं.

चार नावांनी काय फरक पडतो?

हा या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तो कळायला पैसे कसे येतात ते बघावं लागेल.

एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या रचनेचं रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगचे पैसे करारानुसार कंपनी आणि कलाकारांना मिळतात, त्यातून कंपनी आधी स्वतःचा खर्च वळता करून घेते. रचनेचे पैसे मात्र फक्त गीतकार-संगीतकार म्हणून नाव असलेल्यांना. अमेरिकेत तर फरक आणखी टोकाचा आहे. तिथे एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे फक्त रचनाकाराला मिळतात, वाजवणाऱ्याला आणि गाणाऱ्याला काहीच नाही.

आता चार जणांचा बँड घ्या. गाणी ‘लिहिणारे’ दोघं. पहिल्या हिट गाण्यानंतर त्या दोघांचं घर होतं आणि ड्रमर अजून भाड्याच्या खोलीत. व्हॅन एकच, स्टेज एकच, घाम सारखाच. पुढच्या अल्बमला प्रत्येकाला वाटतं की माझंही एक गाणं असू दे. मग गाणं चांगलं आहे म्हणून नाही, तर कुणाचं आहे यावरून निवडलं जातं. इथून बँड कुजायला लागतो.

ही कल्पना नाही. ‘द स्मिथ्स’ हा आर.ई.एम.च्याच काळातला इंग्लिश बँड. तिथे रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या कमाईतले ४०-४० टक्के मॉरिसी आणि जॉनी मार यांना आणि उरलेल्या दोघांना १०-१० टक्के असा हिशोब होता. ड्रमर माइक जॉइस कोर्टात गेला आणि १९९६ मध्ये २५ टक्क्यांचा दावा जिंकला. ‘स्पँडाउ बॅले’च्या तिघांनी गीतलेखनाच्या रॉयल्टीत वाटा मागितला, ते १९९९ मध्ये हरले. रचनाकार म्हणून नाव फक्त गॅरी केंपचं होतं. रॉयल्टीचं हे भांडण आपल्याला परकं नाही. चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्यांना परस्पर लिहून घेता येऊ नये, यासाठी भारतात २०१२ मध्ये कॉपीराइट कायदाच बदलावा लागला.

आर.ई.एम.मध्ये चार नावं म्हणजे नुसता मनाचा मोठेपणा नव्हता, कामाची पद्धतही तशीच होती. बक, मिल्स आणि बेरी मिळून वाद्यांचा तुकडा तयार करायचे आणि टेप स्टाइपला द्यायचे. त्यावर तो चाल आणि शब्द बसवायचा. कधी ड्रमर बेस हातात घ्यायचा, कधी बेसवाला पियानोवर. यात ‘गाणं कुणाचं?’ हे ठरवायला बसलं असतं तर नवीन गाणं करायला वेळच उरला नसता.

मोठी कंपनी, मोठे पैसे

१९८७ मध्ये ‘डॉक्युमेंट’ या अल्बममधलं ‘द वन आय लव्ह’ अमेरिकेत पहिल्या दहात गेलं आणि अल्बम दहा लाखांवर पोचला. आय.आर.एस.चा करार संपत आला होता. परदेशात आपल्या रेकॉर्ड नीट पोचत नाहीत ही त्यांची जुनी तक्रार होती. १९८८ मध्ये त्यांनी वॉर्नर ब्रदर्सशी करार केला. दुसरीकडून जास्त पैशांची बोली होती, पण वॉर्नरने संगीतात ढवळाढवळ न करण्याची हमी दिली होती.

विकले गेले, असं म्हणणारे चाहते तेव्हाही होतेच. त्यांचा आक्षेप अगदीच खोटा म्हणता येणार नाही, कारण व्यवहाराच्या व्याख्येने बँड त्या दिवसापासून इंडी राहिला नाही. पण पुढे त्यांनी केलं काय? ११ महिन्यांचा दौरा करून थकल्यावर मोठा दौराच करायचा नाही असं ठरवलं आणि पहिलं सिंगल म्हणून निवडलं ते मँडोलिनवर चालणारं, ध्रुवपद नसलेलं एक गाणं. कंपनीला धाकधूक होती. ते गाणं म्हणजे ‘लूझिंग माय रिलिजन’. अमेरिकेत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि ‘आउट ऑफ टाइम’ या अल्बमला १९९२ मध्ये तीन ग्रॅमी मिळाले. (शीर्षकाचा धर्माशी संबंध नाही. ‘माझा संयम सुटतोय’ अशा अर्थाचा तो अमेरिकेच्या दक्षिणेतला वाक्प्रचार आहे.)

पत्ता मात्र अथेन्सचाच राहिला. १९९२ च्या ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ या अल्बमचं नाव गावातल्या ‘वीव्हर डीज’ या खाणावळीच्या पाटीवरचं ब्रीदवाक्य आहे.

ड्रमर उठला तेव्हा

१ मार्च १९९५. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात कार्यक्रम सुरू होता. वाजवता वाजवता बिल बेरीच्या डोक्यात भयंकर कळ आली आणि तो कोसळला. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगवटा फुटला होता. तातडीने शस्त्रक्रिया झाली, बेरी वाचला आणि काही आठवड्यांत पुन्हा ड्रमवर बसला. त्याच दौऱ्यात पुढे मिल्सच्या पोटाची आणि स्टाइपच्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. चौघांतले तिघं एका वर्षात ऑपरेशन टेबलवर.

१९९६ मध्ये वॉर्नरने करार वाढवला. पाच अल्बम आणि बातम्यांनुसार रक्कम ८ कोटी डॉलर. तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या करारांपैकी एक.

आणि १९९७ मध्ये बेरी म्हणाला, मला थांबायचंय. भांडण नाही, नवीन बँड नाही. फिरण्याचा उत्साह संपला होता, अथेन्सजवळ शेती करायची होती. पण त्याने एक अट घातली. माझ्या जाण्याने बँड बंद पडणार असेल तर मी जाणार नाही.

चौघांच्या होकाराशिवाय काही करायचं नाही, हा नियम ज्या बँडने १७ वर्षं पाळला, त्या बँडपुढे आता हा प्रश्न होता. ‘हो’ म्हटलं तर मित्र जातो, ‘नाही’ म्हटलं तर मन नसताना तो ड्रमवर बसून राहतो. तिघांनी त्याला जाऊ दिलं. तीन पायांचा कुत्राही कुत्राच असतो, फक्त त्याला वेगळ्या पद्धतीने पळायला शिकावं लागतं, अशा अर्थाचं स्टाइप तेव्हा बोलला होता.

शिकणं सोपं गेलं नाही. १९९८ चा ‘अप’ हा अल्बम करताना तिघं फुटण्याच्या बेतात होते. ‘अप’ धरून पाच अल्बम आले, दौऱ्यांना दुसरे ड्रमर आले, पण बँडचा चौथा सदस्य म्हणून कुणालाही घेतलं नाही. या काळातल्या बहुतेक गाण्यांखाली बक, मिल्स, स्टाइप अशी तीनच नावं आहेत. चाहत्यांमध्ये या पाच अल्बमवरून आजही वाद होतात. जुन्या दहांच्या तोडीचे ते नाहीत, हे मात्र बहुतेकांना मान्य असतं.

२१ सप्टेंबर २०११ रोजी बँडने आपल्या वेबसाइटवर छोटंसं निवेदन टाकून थांबत असल्याचं जाहीर केलं. कोर्टकचेरी नाही, निरोपाचा महागड्या तिकिटांचा दौरा नाही. त्या काळातले कितीतरी बँड नंतर पैशांसाठी पुन्हा एकत्र आले, हे आले नाहीत.

ओकोनी स्ट्रीटवरचं ते चर्च १९९० मध्येच पाडलं गेलं. फक्त त्याचा मनोरा अजून उभा आहे आणि जगभरातले चाहते तिथे जाऊन फोटो काढतात.

जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला ‘साँगरायटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये आर.ई.एम.चा समावेश झाला. हा सन्मान गाणी लिहिणाऱ्यांसाठी असतो, वाजवणाऱ्यांसाठी नाही. दुसऱ्या एखाद्या बँडमध्ये ड्रमर अशा वेळी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवतो. इथे २७ वर्षांपूर्वी बँड सोडून शेतीत रमलेला बेरीही सन्मान घ्यायला स्टेजवर होता, कारण नावं चौघांची होती. त्या रात्री चौघांनी मिळून एकच गाणं वाजवलं, ‘लूझिंग माय रिलिजन’. त्याच सुमारास टीव्हीवरच्या एका मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं की कायमचं पुन्हा एकत्र यायला काय घडावं लागेल? मिल्सने एका शब्दात उत्तर दिलं, “धूमकेतू.”